हातानं तुटणारा दोरा

साल २०२४, महिना जानेवारी. मला चौऱ्याहत्तर पुरी होऊन पंचाहत्तरावं लागलं होतं, आणि बिबवेवाडीतल्या आमच्या चार मजली सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला होता: ‘गच्चीवर पतंग उडवण्यास सक्त मनाई आहे. गच्चीला कुलूप राहील.’ खाली सेक्रेटरीची सही. सेक्रेटरी म्हणजे माझी सून.

हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं मी जे केलं ते बाहेरच्या कुणाविरुद्ध नव्हतं, माझ्याच घरात राहणाऱ्या, माझ्या गोळ्यांच्या वेळा माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवणाऱ्या माणसाविरुद्ध होतं. तरी केलं. आज विचाराल तर परत करीन.

माझं शिक्षण चौथी. पाचवीचं पुस्तक मी कधी वाचलं नाही, पण पाचवीची हजारो पुस्तकं शिवली. चौदाव्या वर्षी शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत बाइंडर म्हणून बसलो तो साठाव्या वर्षी उठलो. खळ शिजवायची, कागद दुमडायचा, दाभणानं भोकं पाडायची, शिवायचं, पुठ्ठा चढवायचा. मी शिवलेल्या पुस्तकाची पानं पोरांनी फाडली असतील, पुठ्ठा उंदरांनी खाल्ला असेल, पण शिलाई सुटली अशी तक्रार घेऊन एक माणूस त्या खोलीत आला नाही. हे मी फुशारकीनं सांगतोय. का सांगू नये?

आता त्या कागदाचं कारण. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात सून खराडीहून, तिच्या ऑफिसातून, स्कूटरवर घरी येत होती. पुलावर मांजा आडवा आला. हेल्मेटच्या पट्ट्यात अडकला म्हणून गळा वाचला. हनुवटीखाली तीन टाके पडले, आणि मांजा बाजूला करायला गेलेल्या उजव्या हाताच्या बोटाला दोन. घरी आली तेव्हा रुमाल लाल झालेला, पण रडली नाही. स्कूटर नीट स्टँडला लावून आली होती. त्या दिवसापासून मात्र स्कूटरवर कव्हर चढलं ते निघालं नाही, आणि घरातसुद्धा ती गळ्याला ओढणी गुंडाळून बसायला लागली.

हेल्मेटच्या पट्ट्यात मांजाचा वीतभर तुकडा राहिला होता. तो मी ओढून पाहिला. तुटेना. दातानं तुटेना. गॅसवर धरला तर वितळून काळा गोळा झाला. हा दोरा नव्हे. ज्यानं हा बनवला त्यानं पतंग हा शब्द ऐकलेला नसणार.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. पंधरा मिनिटांत ठरलं, पतंग बंद, गच्ची बंद. सगळ्यांनी हात वर केले. माझा मुलगा मध्येच कुठंतरी अर्धा हात वर करून उभा होता. मी त्याला नंतर विचारलं तर म्हणाला, “मी ह्यात नाही.” तो कशातच नसतो.

अडचण एकच होती. गच्चीची किल्ली माझ्याकडं. अकरा वर्षं माझ्याकडं. सकाळी सहाला पाणी येतं, तेव्हा वर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, टाकी भरली की बंद करायचा, हे काम मी करतो. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा टाकी वाहून जिन्यातून धबधबा आला, तेव्हा सगळे एकमेकांच्या दारात उभे राहून ‘कुणीतरी बघायला पाहिजे’ म्हणत होते. मी बघितलं. तेव्हापासून किल्ली माझी. घरात टीव्ही त्यांचा, सोफा त्यांचा, फ्रिजमधली माझी जागा म्हणजे दारातला एक कप्पा. गच्ची माझी. तिथून तळजाईची टेकडी दिसते आणि तिथं मला कुणी ‘पाय वर घ्या, फरशी पुसायचीय’ म्हणत नाही.

“आजोबा, किल्ली द्या,” चेअरमन म्हणाले. बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. माझ्याहून चारच वर्षांनी लहान.

“कुणाचा आजोबा?” मी म्हणालो. “तुमची जन्मतारीख सांगा, मी माझी सांगतो.”

“बरं, काका. किल्ली द्या.”

“देणार नाही. तिला पतंगानं कापलं नाही. मांजानं कापलं.”

मग सून बोलली. तिचा आवाज चढत नाही, तीच तिची ताकद. “बाबा, मांजा काय हवेत एकटाच फिरायला निघतो का? त्याच्या टोकाला पतंगच असतो ना?”

तिचं बरोबर होतं. म्हणून मी आवाज चढवला.

म्हणालो, “पुढच्या रविवारी चार वाजता सगळ्यांनी गच्चीवर या. मी पतंग करून आणीन. विकत एक वस्तू आणणार नाही, सगळं टाकाऊतलं. आणि हातानं तुटेल अशा साध्या दोऱ्यावर उडवून दाखवीन. उडाला, तर ठराव बदला. मांजाला बंदी घाला, पतंगाला नको. नाही उडाला, तर किल्ली मी स्वतः सेक्रेटरीच्या हातात ठेवीन आणि मरेपर्यंत गच्चीचं नाव काढणार नाही.”

“आणि टाकी?” चेअरमननी विचारलं.

“टाकी तुम्ही बघा. सकाळी सहाला.”

पार्किंगमधले सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले.

“चालेल,” सून म्हणाली. “पण उडवण्याआधी दोरा मी तपासणार. माझ्या हातानं.”

“तपास.”

जिना चढताना आमची ही म्हणाली, “अहो, शेवटचा पतंग कधी उडवला होता तुम्ही?”

“लग्नाआधी.”

“म्हणजे पन्नास वर्षं झाली. छान.”

सोमवारी कामाला बसलो. आता माझं चुकलं कुठं ते सांगतो. ज्यानं सेहेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली त्याच्याच हातून व्हावी अशी चूक ती.

मागल्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर होतं. चांगला जाड, गुळगुळीत कागद. फेकायला जिवावर आलं होतं, आता उपयोगाला आलं. त्याचा चौकोन कापला, असा सरळ की ओळंबा लावून बघावा. कडा दुमडल्या आणि त्या फाटू नयेत म्हणून आत जुन्या धोतराची पट्टी चिकटवली, पुस्तकाच्या पाठीला लावतात तशी. खळ मैद्याची, घट्ट शिजवलेली, चमचा उभा राहील अशी. बाल्कनीत बांबूचा जुना पडदा पडलेला होता, त्याच्या दोन कामट्या काढून उभ्या दांड्याला दुहेरी लावल्या, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. आडव्या कमानीलाही तेच. चारी कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे. वाळल्यावर हातात घेतला तर ताठ, देखणा, टकटक वाजणारा. असा पतंग अख्ख्या पुण्यात नसेल, असं मला वाटलं. ते खरंच होतं म्हणा.

मंगळवारी टाकी भरता भरता सकाळच्या वाऱ्यात तो सोडून पाहिला. हातातून सुटला तो सरळ खाली. धप्प. पुन्हा उचलला, पळत गेलो, ह्या वयात पळालो, दोरा ओढला. पुन्हा धप्प. तिसऱ्यांदा त्याचा कोपरा फरशीवर आपटला आणि फरशीचाच ढलपा निघाला.

मागं आमची ही ओले कपडे घेऊन कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही.

“अहो,” ती म्हणाली, “वही उडवताय की पतंग?”

वारा पडलाय असं म्हणणार होतो, पण तिच्या हातातली चादर फडफडत होती.

मनाशी म्हटलं, पतंगाचं बघू, दोरा तरी तयार आहे. माझ्याकडं शिलाईच्या दोऱ्याचं जुनं रीळ होतं. छापखाना सोडताना मालकानं दिलेलं नव्हतं, मी मागून घेतलेलं होतं. पक्का, तिपेडी दोरा, मेण ओढलेला. काच नाही, नायलॉन नाही, शुद्ध सूत. सुनेला दाखवायला ह्याहून साधा दोरा कुठला?

संध्याकाळी ती ऑफिसातून आली, चहा झाला, आणि मी रीळ तिच्यापुढं ठेवलं. “घे. तपास. सूत आहे.”

तिनं हातभर दोरा सोडला. डाव्या हाताच्या बोटाला एक वेढा दिला. उजव्या हातात, टाक्यांचं बोट वर उचलून, दुसरं टोक धरलं आणि ओढलं. दोरा ताठ झाला. तिनं आणखी ओढलं. बोटाचं टोक आधी लाल झालं, मग जांभळं, आणि दोऱ्याखालची जागा पांढरी. दोरा तसाच.

“बाबा, हा तुटत नाही,” ती म्हणाली.

“मग!” माझी छाती अशी फुगली की काय सांगू. “सेहेचाळीस वर्षं हाच दोरा वापरला. बैल जुंपलास तरी तुटायचा नाही.”

“बाबा,” ती पुन्हा म्हणाली, तितक्याच हळू. “हा तुटत नाही.”

मग मला ऐकू आलं.

तिनं वेढा सोडवला. बोटावर खाच पडली होती. ती खाच तिनं मला दाखवली वगैरे नाही; तिनं हात खाली घेतला आणि कप विसळायला आत गेली. मी तिथंच बसलो. समोर रीळ. गॅसवर धरलेला तो वीतभर तुकडा आठवला. तो बनवणाऱ्याला मी काय काय बोललो होतो. त्यालाही कुणीतरी शाबासकी दिली असेल, काय पक्का माल आहे म्हणून.

पण हरलो असं मी म्हणालो नाही. म्हणणारही नव्हतो. बुधवार ते शनिवार, चार दिवस हातात होते.

आता पक्का दोरा कुठं मिळतो ते कुणीही सांगेल. कच्चा दोरा शोधायचा म्हणजे डोकं लागतं. मला तो आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत सापडला. गव्हाच्या, तांदळाच्या पोत्यांची तोंडं सुती दोऱ्यानं शिवलेली असतात. त्या शिलाईचं एक विशिष्ट टोक असतं, ते सापडलं आणि ओढलं की सरररकन सगळी शिलाई एका दमात उलगडून हातात येते. दुसरं टोक ओढलं तर गाठ बसते आणि पोतं फाडावं लागतं. गिरणीवाला रोज अशी पोती उघडतो आणि दोरा जमिनीवर टाकतो. मी त्याच्याकडं जाऊन बसलो.

“काका, काय करणार ह्याचं?” त्यानं विचारलं.

“पतंग उडवणार.”

“ह्या दोऱ्यावर? हा तर पोतं उचलतानासुद्धा तुटतो!”

“म्हणूनच,” मी म्हणालो. हा शब्द म्हणताना फार बरं वाटलं.

तीन दिवस मी त्याची पोती उघडून दिली, दोरा घरी आणला, पीठ झटकलं. एका पोत्याचा दोरा माझ्या दोन हातांएवढा. पुढचा त्याला जोडायचा. गाठ बारीक हवी, बोटाखालून सरकताना अडू नये. ती गाठ मला झोपेतही येते, पुस्तक शिवताना दोरा संपला की तीच मारतो आम्ही. प्रत्येक गाठ मारली की शेजारी बोटाला गुंडाळून हिसका द्यायचा. सहज तुटला तर ठीक. पोत्यापोत्याचा फरक असतो. ज्या पोत्याचा दोरा बोटात रुतायला लागला तो सगळा बाजूला टाकला. आयुष्यभर जो माल नापास केला असता तो पास करत होतो आणि जो पास केला असता तो नापास. हाताला सवय व्हायला दोन दिवस लागले.

दोरा कच्चा, म्हणजे पतंग हलका हवा. नाहीतर पतंगच दोरा तोडून जायचा. कॅलेंडर गेलं. साधं वर्तमानपत्र घेतलं, एकच पान. ज्या पानावर छपाई कमी ते निवडलं. शाईलाही वजन असतं, हे मी सांगतोय तर विश्वास ठेवा. उभ्या दांड्याला एकच कामटी, तीही तासून तासून अर्धी केलेली. कमानीला खराट्याच्या दोन हिरा, नारळाच्या, मध्ये जोडून. कडांना पट्टी नाही. कोपऱ्यांना पुठ्ठा नाही. खळ पातळ, ताकासारखी, आणि ती बोटानं नाही तर कोंबडीच्या पिसानं लावली. ते पीस गच्चीवर पडलेलं होतं. कबुतराचं असेल, कोण विचारतंय. दर वेळी हात जास्त खळ घ्यायला जायचा आणि मी त्याला म्हणायचो, राहू दे.

शेपटाला मऊ कापड हवं होतं. हिच्या जुन्या सुती पातळाची पट्टी फाडली.

“मला विचारलंत?” ही म्हणाली.

“टाकाऊ होतं.”

“टाकाऊ काय ते मी ठरवते. तुम्हालासुद्धा अजून टाकलेलं नाही.”

पण पट्टी तिनंच सरळ कापून दिली.

शनिवारी सकाळी तो पतंग वर गेला. अगदी दोन पुरुष उंचीवर, पण गेला. मी लगेच खाली घेतला. पोत्याच्या दोऱ्याला जास्त काम दाखवायचं नव्हतं.

रविवारी साडेतीनलाच मी गच्चीवर होतो. खडू घेऊन कठड्यापासून चार फूट आत रेघ मारली. पतंग उडवणारा माणूस वर बघत मागं मागं जातो, आणि मग खाली जातो; असा एक मुलगा मी लहानपणी गमावलेला आहे, आमच्या आळीतला. म्हणून रेघ. रस्त्याच्या आणि विजेच्या तारांच्या बाजूला पाठ करायची, तोंड मागच्या शाळेच्या मैदानाकडं. रविवारी मैदान रिकामं असतं. आणि चारचीच वेळ का? पाच वाजल्यानंतर घारी, बगळे झाडांवर परतायला लागतात. दोरा कच्चा असला तरी पंखाला ते समजावून सांगता येत नाही.

हळूहळू मंडळी आली. चेअरमन खुर्ची घेऊनच आले, नाटकाला आल्यासारखे. सून आली, गळ्याला ओढणी. मुलगा दारात उभा राहिला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

दोरा मी एका रिकाम्या डब्यावर गुंडाळला होता. सुनेनं तो हातात घेतला. तीन वेगवेगळ्या जागी तिनं दोरा उलगडला, डाव्या बोटाला वेढा दिला आणि ओढला. टक. टक. टक. तीनदा तुटला. बोटावर काही उमटलं नाही. तिनं बोट उजेडात धरून नीट बघितलं. मग म्हणाली, “आता तीन ठिकाणी जोडावा लागेल.”

“जोडतो,” मी म्हणालो, आणि तिच्यासमोर तीन गाठी मारल्या.

वाऱ्यानं जरा वाट बघायला लावली. चेअरमन म्हणाले, “काका, पाहिजे तर पंखा आणू का घरून?” मी लक्ष दिलं नाही. शाळेतल्या अशोकाच्या झाडांचे शेंडे हलले तेव्हा पतंग सोडला. पहिल्यांदा त्यानं डावीकडं मान टाकली. शेपूट आणखी एक वीत लांब केली. दुसऱ्यांदा सोडला आणि तो उभा राहिला. ढील दिली. वर गेला. आणखी ढील. वर्तमानपत्राचा पतंग बोलतो, फर्र फर्र असा, विकतच्या पतंगाला तो आवाज नाही. दोरा एवढा हलका की बोटावर आहे की नाही ते कळेना. नुसती एक धुकधुक लागत होती. मैदानाच्या मध्यावर, शाळेच्या झेंड्याच्या खांबाच्याही वर, माझी जुनी बातमी उडत होती.

“उडाला की हो!” तळमजल्याच्या बाई म्हणाल्या.

मी कुणाकडं वळून बघितलं नाही. बघावंसं फार वाटत होतं.

तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून लाल पतंग आला. तिथं कॉलेजची मुलं भाड्यानं राहतात, आमच्या गच्चीपासून त्यांची गच्ची हाकेच्या अंतरावर. लाल पतंग सरळ माझ्याच पतंगाच्या अंगावर यायला लागला. दोरा उन्हात चमकत होता. सुती दोरा चमकत नाही.

“ओ काका!” एक जण ओरडला. “लढवा ना!”

“पेपरवाले काका, मॅच होऊन जाऊ दे!” दुसरा.

आता माझं लहानपण पेठेतलं. आमच्यात अंगावर आलेल्या पतंगापासून जो आपला पतंग खाली घेतो त्याला पळपुटा म्हणायचे, आणि ते नाव वर्षभर पुरायचं. कापला गेला तरी चालेल, पण खाली घ्यायचा नाही. मी आयुष्यात कधी घेतला नव्हता. माझ्या अंगातली सगळी पेठ त्या क्षणी म्हणत होती, भिड.

मी मोजलं. चमकणारा दोरा माझ्या दोऱ्याला लागला की एका क्षणात खेळ खलास. पतंग जाणार, त्याचं दुःख नाही. पण वारा फिरला होता. सुटलेला पतंग आता मैदानात नाही, त्याच्या पलीकडच्या रस्त्यावर जाणार, आणि मागं लांबच लांब दोरा घेऊन जाणार. रस्त्यावर गाड्या चालू होत्या.

मी पतंग खाली घ्यायला लागलो. हातावर हात, हातावर हात, घाई न करता, कारण घाईनं ओढला असता तर माझ्या दोऱ्यानंच दगा दिला असता.

“अरे, भ्यायले! काका पळाले रे!” समोरून आरोळी उठली. शिट्ट्या. कुणीतरी ताट बडवलं. माझे कान तापले होते. ऐंशीच्या दिशेनं निघालेला माणूस मी, आणि चार पोरं मला पळपुटा म्हणतायत, आणि माझी सगळी सोसायटी मागं उभी. मी ओढत राहिलो. लाल पतंगानं दोनदा झडप घातली. दोन्ही वेळा माझा त्याच्याखाली होता. शेवटी पतंग कठड्यावरून आत आला आणि मी तो हातात पकडला. एक कोपरा फाटला होता. दोरा अख्खा.

चेअरमननी घड्याळ बघितलं. “सात मिनिटं. काका, एक अंडं उकडून होतं एवढ्यात.”

“उडाला की नाही ते सांगा.”

“उडाला हो. पण खाली का घेतलात? अगदी शेपूट घालून?”

हाच प्रश्न सून विचारणार होती, ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं. मी चेअरमनला नाही, तिला उत्तर दिलं.

“कापला असता. दोरा पलीकडच्या रस्त्यावर गेला असता.”

“पण बाबा, तुमचा दोरा तर तुटतो,” ती म्हणाली. “मी तीनदा तोडला.”

“तुटतो. पण स्कूटरवरच्या माणसाला ते कुठं माहीत असतं? गळ्याला काहीतरी लागलं एवढंच त्याला कळणार. घाबरून ब्रेक दाबेल, आणि मागून बस.”

तिचा हात ओढणीकडं गेला आणि तिथंच राहिला. मग तिनं डब्यावरचा दोरा पुन्हा एकदा हातात घेतला, तोडला नाही, नुसता दोन बोटांतून सरकवला, गाठीपर्यंत.

“उद्या मी नवीन नोटीस काढते,” ती चेअरमनना म्हणाली. “मांजा आणला तर गच्ची बंद. सुती दोरा असेल तर आधी मला दाखवायचा. रेघेच्या आत उभं राहायचं आणि पाचच्या आत पतंग उतरवायचा.”

“आणि किल्ली?” चेअरमननी विचारलं.

“टाकी सहाला भरते,” सून म्हणाली. “तुम्ही बघणार असाल तर सांगा.”

खुर्ची उचलून ते खाली गेले. दारातून मुलगा म्हणाला, “बाबा, मस्त उडाला.” म्हणजे तो ह्यात होता तर.

सून शेवटी गेली. जाताना म्हणाली, “दोरा दर वेळी मी बघणार. तुमचासुद्धा.”

“बघ ना,” मी म्हणालो. “मी नाही म्हटलंय का?”

समोरच्या गच्चीवर लाल पतंग अजून होता. ती पोरं अजून ओरडत होती. मी खडूची रेघ पुसली नाही. गच्चीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे, एक एक, वेचून खिशात घातले आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला व्हॉल्व्ह उघडला. टाकी भरायला वेळ होता म्हणून ओलं फडकं घेऊन खाली नोटीस बोर्डापाशी गेलो, जुना कागद भिजवला आणि न फाडता अख्खा सोलून काढला. त्याचा पतंग करावा असं आधी मनात होतं, पण झेरॉक्सचा कागद, पतंगाला जड. मग घट्ट सुरळी केली, दाट खळ लावली, इथं दाट चालते, गॅसच्या धगीवर वाळवली आणि तिच्यावर पोत्याचा उरलेला सगळा कच्चा दोरा गुंडाळला. टाकी भरली तसा व्हॉल्व्ह बंद केला, सुरळी काखेत मारली, पायात चपला घातल्या आणि समोरच्या बिल्डिंगचे चार जिने गुडघ्यावर हात ठेवत चढलो. साडेसात वाजले होते. आत ती लाल पतंगवाली पोरं झोपलेली. मी बेलवर बोट ठेवलं आणि दार उघडेपर्यंत काढलं नाही.